एकच नोंद सापडली

आम्रपालीला कंपनीत ‘शोधवाल्या मॅडम’ म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते माहीत नाही, पण तिला ते मनापासून आवडायचं, आणि आवडतं हे तिने कधी कुणाला कळू दिलं नाही. चाकणजवळच्या कुरुळीच्या हद्दीतली ती गाड्यांचे सुटे भाग करणारी कंपनी. दोन हजारांवर माणसं; त्यातली पाच-सहाशे कायम आणि बाकी सगळी ठेकेदाराची. एवढ्या माणसांची हजेरी, शिफ्ट, रजा, जन्मतारखा, सगळं एका डॅशबोर्डात भरलेलं, आणि तो डॅशबोर्ड एचआरमध्ये जर कुणाचं ऐकत असेल तर आम्रपालीचं.

कुणाची हजेरी लागली नाही, कुणाची रजा दुसऱ्याच्याच नावावर चढली, की माणूस तडक तिच्या टेबलाशी. ‘मॅडम, जरा शोधा ना.’ मग ती डावीकडच्या फिल्टरांवर पटापट टिचक्या मारायची. प्लँट दोन. प्रेस शॉप. सेकंड शिफ्ट. अमुक ठेकेदार. दोन हजारांचे चारशे व्हायचे, चारशेचे तीस, तिसांचे तीन, आणि त्या तिनांत समोर घाम पुसत उभा असलेला माणूस हमखास निघायचा. पडद्यावर आपलं नाव दिसलं की भल्या दांडग्या गड्याचा चेहरासुद्धा उजळतो, हे ती नऊ वर्षं बघत आली होती. बाकीच्या पोरी दिवसाला दहा माणसं कटवायच्या. ही कुणालाही ‘सापडत नाही, उद्या या’ म्हणत नसे.

यात खरी कसोटी होती ती जुन्या ठेकेदाराच्या माणसांची. दोन वर्षांपूर्वी ठेकेदार बदलला आणि सगळ्यांना नवे टोकन नंबर मिळाले. त्यामुळे प्रत्येक जुन्या माणसाच्या दोन नोंदी झाल्या: एक जुनी, ‘सोडून गेले’ या शिक्क्याखाली गाडलेली, आणि एक नवी. दोघांना जोडायला आधार नंबर हवा, तर जुन्या ठेकेदाराच्या कारकुनाने तो रकाना जवळपास सगळीकडे कोराच ठेवलेला. आणि नावं? त्या गृहस्थाने कानाला जसं ऐकू आलं तसं इंग्रजीत ठोकून दिलं होतं. सयाजीचा सहाजी केला, अजिंक्यचा अजंक केला, एका बिचाऱ्या गणराजला तर त्याने गुणराज करून सोडलं. यंत्राला काय, जे अक्षर दिलं तेच ते शोधणार. आम्रपालीने त्यावर आपली एक रीत बसवली होती. आधी नाव. नाही सापडलं तर ‘सध्या कामावर’ हा फिल्टर काढायचा, कारण तो आपोआप लागलेला असतो आणि जुन्या नोंदी झाकून टाकतो. मग वडिलांचं नाव. मग जन्मतारीख. तेही नाही, तर फोन नंबर. सयाजीला तिने फोन नंबरच्या शेवटच्या चार आकड्यांवरून खणून काढला होता, आणि त्याने तिच्या टेबलावर पेढे आणून ठेवले होते.

नावांच्या बाबतीत ती फार कडक. हे तिच्या वडिलांकडून आलेलं. धोंडीबा आकुर्डीच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं राबले. पोरगी पहिलीत असताना शाळेच्या हजेरीपटावर कुणीतरी ‘अमरपाली’ लिहिलं. धोंडीबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कारखान्याच्या कपड्यांतच हेडमास्तरांपुढे जाऊन उभे राहिले. ‘अमर न्हाई सायेब, आम्र. आंब्याच्या बनातली. नीट ल्ह्या.’ हेडमास्तरांनी नीट लिहिलं. परत येताना धोंडीबा पोरीला म्हणाले, ‘आपलं नाव कुनाच्या जिभेला जड जातं म्हून आपन ते हलकं करायचं न्हाई.’ ते तिने इतकं मनावर घेतलं की दुसऱ्याचंही नाव ती कधी चुकीचं लिहीत नसे. मेल असो, कँटीनचं कुपन असो, प्रत्येक अक्षर जागच्या जागी.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साहेब लोकांची मीटिंग झाली आणि फतवा निघाला: ठेकेदाराच्या माणसांतून तीस ऑपरेटर कायम करायचे. अटी दोन. एकतीस मार्चपर्यंत एकूण हजेरी हजार दिवसांच्या वर, आणि वय अठ्ठावीसच्या आत. यादी चार दिवसांत हवी. ती कोण करणार, हे विचारायचीही कुणाला गरज वाटली नाही.

या पट्ट्यात ‘पर्मनंट’ या शब्दाचं वजन काय आहे, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. इथे पोरगी दाखवायला आलेले लोक मुलाचं शिक्षण नंतर विचारतात. खोली भाड्याने देणारा घरमालकही आधी तेच विचारतो. सहा-सहा वर्षं एकाच मशीनवर उभा राहिलेला माणूस ‘मी अमुक कंपनीत आहे’ म्हणतो तेव्हा त्याची नजर किंचित खाली असते, आणि ते पत्र हातात पडलं की ती वर येते. आम्रपालीला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. ती अशाच घरातली.

फतव्याची बातमी आकुर्डीला पोचायला एक संध्याकाळ पुरली. स्टेशनजवळच्या ज्या चाळीत आम्रपाली वाढली, तिथे शेजारची नीलामावशी अजून राहते. मावशी मूळची लातूरकडची. नवरा वारल्यावर चार घरच्या पोळ्या करून तिने एकुलता एक मुलगा वाढवला. तो बुद्धपौर्णिमेला जन्मला म्हणून बुद्धरत्न. आयटीआय करून तो याच कंपनीत लागला, ठेकेदारामार्फत, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेस शॉपला. कंपनीत तो आम्रपालीला ‘मॅडम’ म्हणायचा आणि चाळीत ‘ताई’. आम्रपाली दहावीला असताना याच मावशीने तिला तीन महिने आपल्या खोलीत अभ्यासाला जागा दिली होती, कारण घरी पाहुणे आणि गोंगाट.

मावशीचा फोन आला. ‘आमू, लेकरा, तुमच्या हितं कायम करायलेत म्हनं. आमच्या बुद्धाचं बघशील न्हवं? उगा वशिला नगं लावू बरं. त्याचे दिवस भरलेत का तेवढं बघ.’

‘बघते ना मावशी. हे काय सांगायचंय?’ आम्रपाली म्हणाली, आणि ते तिने अगदी मनापासून म्हटलं होतं.

आता पुढचं सांगायला जरा जड जातं, कारण यात कुणी मोठं पाप केलं नाही. चोरी नाही, लबाडी नाही. फक्त एक छोटंसं न करणं आहे.

तीन दिवस ती मान मोडून बसली. चारशेच्या आसपास जुनी माणसं. प्रत्येकाच्या दोन नोंदी शोधायच्या, दिवसांची बेरीज करायची, वय बघायचं. चौथ्या दिवशी दुपारी तिचे मॅनेजर सुजितसर चहाचा कप घेऊन तिच्या मागे येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. वाढदिवसाला केक आणायचा, कुणाचं पोर आजारी असलं तर लवकर सोडायचा. पडद्यावरच्या यादीवर नजर फिरवत ते हसत हसत म्हणाले, ‘मॅडम, आपली आपली माणसं भरत नाही ना यादीत?’

पलीकडच्या टेबलावरची दिव्या हसली. आम्रपालीही हसली. सर निघून गेले.

‘आपली’ हा शब्द तसा गोड. चाळीत तो मायेने वापरतात. पण त्या शब्दाला दुसरी एक धार असते, आणि ती कुणाला उद्देशून वापरली जाते ते तिला शाळेपासून ठाऊक होतं. सरांच्या मनात ती होती की नव्हती, देव जाणे. तिच्या मात्र कानांच्या पाळ्या गरम झाल्या. आणि नेमकं यादीत पुढचं नाव होतं ते बुद्धरत्नचं.

तिने नाव टाइप केलं. अगदी बरोबर, एकही अक्षर न गाळता. खाली ओळ उमटली: एकच नोंद सापडली. नवी नोंद, नवा ठेकेदार, सहाशे अकरा दिवस. हजाराला पुष्कळ कमी.

दुसरा कुणी असता तर तिने ‘सध्या कामावर’चा फिल्टर काढला असता. वडिलांचं नाव टाकलं असतं, जन्मतारीख टाकली असती. एकोणीस साली हा पोरगा नव्या युनिफॉर्ममध्ये गेटवर आला होता, आणि तिने स्वतः त्याला प्रेस शॉपचा रस्ता दाखवला होता. त्याला सहा वर्षं होत आली हे तिला माहीत होतं. तरी तिचा हात माउसवर तसाच थांबला. पलीकडे दिव्या होती. आपल्या माणसासाठी जास्त उकरताना कुणी पाहिलं तर? उद्या कुणी म्हटलं, की बघा, याच्यासाठी बरी जुनी नोंद सापडली? तिने मनाशी म्हटलं, नाव तर मी नीट टाकलंय. असती तर आली असती. आणि ती पुढच्या नावाकडे वळली. या सगळ्याला अर्धं मिनिटही लागलं नाही.

पुढचं नाव अजिंक्यचं होतं. त्याच्यासाठी तिने चार तऱ्हांनी शोधलं.

यादी लागली त्या दिवशी गेटजवळच्या बोर्डापुढे जत्रा जमली. जेवणाच्या सुट्टीत बुद्धरत्न तिच्या टेबलाशी आला. हात धुऊन आला होता, तरी नखांत ग्रीस होतं. आवाज न चढवता म्हणाला, ‘मॅडम, माझं नाव नाहीये.’

‘थांब, बघू,’ ती म्हणाली आणि तिने पुन्हा तेच नाव तसंच टाइप केलं. तेच आलं. मग तिने जे केलं, ते आठवलं की आजही तिला भर दुपारी घाम फुटतो. तिने मॉनिटर त्याच्याकडे वळवला. ‘हे बघ. एकच नोंद आहे तुझी. सहाशे अकरा दिवस.’

तो वाकून पडद्याकडे बघत राहिला. ‘पण मॅडम, मी तर एकोणीस सालापासून आहे ना. जुन्या ठेकेदाराचं कार्ड आहे घरी, आईच्या पेटीत. उद्या आणू का?’

‘कार्डाने काय होतंय? सिस्टीममध्ये दिसायला पाहिजे.’

तिच्या आवाजात एक कोरडेपणा होता. तो तिने मुद्दाम आणला होता, पलीकडच्या टेबलांना ऐकू जावा म्हणून. बुद्धरत्नने आणखी एकदा पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ‘मग नसेल मॅडम,’ तो म्हणाला. ‘तुम्ही बघितलंय म्हणजे...’ वाक्य त्याने पुरं केलं नाही आणि तो शॉपकडे गेला.

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये, मोशी ते निगडी, ती खिडकीशी बसून त्याचाच विचार करत होती. पण मनाला समजावायला माणूस मोठा हुशार असतो. तिने स्वतःला सांगितलं, की आपण कुणाचा पक्षपात केला नाही. आपण सरळ वागलो. उलट याचा तिला थोडा अभिमानच वाटला, आणि निगडीच्या स्टँडवर उतरून तिने घरी नेण्यासाठी कलिंगड घेतलं.

बावीस मे येऊन गेला. बुद्धरत्नला अठ्ठावीस पूर्ण झाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कँटीनच्या इंदुताई तिच्याकडे आल्या. त्यांना जुन्या ठेकेदाराकडच्या नोकरीचा दाखला हवा होता, पीएफच्या कामासाठी. आम्रपालीने नाव टाकलं, सापडलं नाही. तिने फिल्टर काढला. वडिलांचं नाव टाकलं, नवऱ्याचं नाव टाकलं. नाहीच. मग तिने शोधाची चौकट रिकामी केली, जुना ठेकेदार निवडला, ‘सोडून गेले’ निवडलं आणि सगळी यादी अक्षरवार लावून एकेक नाव वाचत खाली निघाली. ‘कशाला एवढा त्रास मॅडम, मी नंतर येते,’ इंदुताई म्हणत होत्या. ‘बसा हो,’ ती म्हणाली. ‘असं कसं सापडत नाही.’

ए संपला. बी सुरू झाला. भरत. भास्कर. आणि त्याखाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत: भुद्रतन.

तिने आधी वाचलं आणि पुढे गेली. मग थांबली. परत वर आली. वडिलांचं नाव तेच. जन्मतारीख, बावीस मे. खाते, प्रेस शॉप. हजेरी, आठशे सत्त्याऐंशी दिवस.

आठशे सत्त्याऐंशी आणि सहाशे अकरा. ही बेरीज करायला तिला यंत्र लागलं नाही. चौदाशे अठ्ठ्याण्णव. यादीतल्या शेवटच्या दहा-बारा जणांपेक्षा कितीतरी जास्त.

‘काय झालं मॅडम? सापडलं का?’ इंदुताईंनी विचारलं.

‘हो,’ ती म्हणाली, आणि तिचे हात की-बोर्डवर असे पडून राहिले की इंदुताईंनी घाबरून पाण्याची बाटली पुढे केली. नाव नीट लिहायचं, या एकाच गोष्टीचा तिला आयुष्यभर गर्व होता, आणि नीट लिहिलेल्या नावानेच तो पोरगा हरवला होता. वेडंवाकडं लिहून पाहायला तिला कुणी मनाई केली नव्हती. सयाजीसाठी ती फोन नंबरापर्यंत गेली होती. गणराजसाठी वेडंवाकडं लिहूनही पाहिलं होतं.

इंदुताईंचा दाखला तिने काढून दिला. त्यांची नोंद इंग्रजी ‘ई’मध्ये होती, एंदू म्हणून. मग बुद्धरत्नच्या दोन्ही नोंदींचे प्रिंट काढले आणि ती सुजितसरांच्या केबिनमध्ये गेली.

सरांनी दोन्ही कागद नीट वाचले. ‘अरेरे,’ ते म्हणाले, आणि ते खरं होतं. ‘पण मॅडम, तिसांची पत्रं गेली. वरून मंजुरी तिसांचीच होती.’

‘एकतिसावा घेता येईल सर. चूक आपली आहे.’

‘आणि वय? अठ्ठावीस झाली त्याला.’

‘एकतीस मार्चला सत्तावीसचाच होता.’

‘पत्र जूनमध्ये काढायचं तर वय जूनचं बघणार ना ते.’ सरांनी कागद परत दिले. ‘कशाला उकरताय? तुमच्याच अंगाशी येईल. तुमच्यासारखी शोधणारी माणूस, तुमच्याकडून राहिलं कसं?’

तिला वाटलं आता सांगावं. ‘सर, तुम्ही त्या दिवशी म्हणाला होतात, आपली माणसं भरू नका म्हणून.’

सर गोंधळले. ‘मी? कधी?’ त्यांनी आठवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. ‘म्हटलं असेन गमतीत. का, काय झालं?’

‘काही नाही,’ आम्रपाली म्हणाली. ज्या वाक्याने तिचा हात धरून ठेवला, ते म्हणणाऱ्याच्या लक्षातही नव्हतं. म्हणजे आता ते सगळं तिच्या एकटीचं होतं. सरांवर ढकलून मोकळं व्हायची सोयही राहिली नाही. तिने जागेवर येऊन मेल लिहिला, सरांना आणि त्यांच्या वरच्या साहेबांना: दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या आहेत, जुनी नोंद मी शोधायला हवी होती, मी शोधली नाही, चूक माझी आहे. दोन दिवसांनी उत्तर आलं. भरती बंद झाली आहे. वयाची अट शिथिल करता येणार नाही. यापुढे नोंदी काळजीपूर्वक तपासाव्यात.

गुरुवारी औद्योगिक सुट्टी, इकडच्या कारखान्यांचा आठवड्याचा बंद. बुद्धरत्न कुरुळीला मित्रांबरोबर खोली करून राहायचा, पण गुरुवारी आईकडे यायचाच. दोघांना एकदमच सांगून टाकावं म्हणून ती आकुर्डीला गेली. वाटेत रिक्षात तिने वाक्यं जुळवली होती. चाळीच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्यातलं एकही आठवेना.

‘जयभीम मावशी.’

‘जयभीम, ये ये, आमू! कवाची वाट बघायले.’ मावशीने खुर्ची पुसली. ‘बुद्धा न्हाई बाई. रांजणगावला गेलाय, तिकडं कुटं कंपनी बघायला. म्हनला, हितं आता माझं काई व्हायचं न्हाई आई, वय झालं.’

आम्रपालीने हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

‘मावशी, त्या यादीचं मला तुला सांगायचं होतं...’

‘आगं ऱ्हाऊ दे. तुझं तरी काय चुकलं?’ मावशी उठली, पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि कपड्यांच्या तळातून एक कार्ड काढलं. ‘ह्ये बघ, त्याचं पहिलं कार्ड. मी जपून ठिवलंय. नाव तर बघ मेल्यानं कसं ल्हिलंय! भुद्रतन!’ ती खळखळून हसली. ‘आमी चाळीत समद्यांनी त्याला म्हैनाभर भुद्रतनच म्हनलं.’

कार्ड आम्रपालीच्या हातात होतं. त्यावर मिसरूड फुटलेला बुद्धरत्न, ताठ मान करून बसलेला. तिच्या टेबलावर हे कार्ड एप्रिलमध्येच आलं असतं. तो आणू का म्हणाला होता. तिनेच नको म्हटलं होतं.

‘बायका मला म्हनल्या,’ मावशी सांगत होती, ‘तुमची एवढी मानूस हाय आत, तिनं न्हाई काई केलं? म्या म्हनलं, गप बसा. आमची आमू तसली न्हाई. तिच्या हातात आसतं तर तिनं सोडलं आसतं का माज्या लेकराला? तिनं समदं धुंडाळून बघितलं आसंल, तवाच न्हाई म्हनली. रोज जातायेता सांगते मी लोकान्ला, आपली एक पोरगी तिथं खुर्चीवर बसती आन् कुनाचा वशिला चालू देत न्हाई.’

‘आपली’ हा शब्द पुन्हा आला होता, आणि या वेळी त्यात मायेशिवाय काही नव्हतं. आम्रपालीने तोंड उघडलं. मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, नि म्हणाली, ‘वाळलीस गं. काम लई आसतं व्हय?’ आणि आम्रपाली ‘हो’ म्हणाली. एवढंच म्हणाली. पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि भेकडासारखी खाली उतरली. जिन्यात तिने स्वतःला जे काही शब्द वापरले ते इथे लिहिण्याजोगे नाहीत.

शुक्रवारी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर ती गेटबाहेर थांबली. असं ती कधी थांबत नसे. वॉचमनने दोनदा विचारलं, मॅडम गाडी चुकली का. बुद्धरत्न पोरांबरोबर हसत बाहेर आला, तिला बघून हसू आवरलं आणि जवळ आला. ‘काय मॅडम?’

‘चल, चहा घेऊ.’

कुरुळीच्या फाट्यावरच्या टपरीवर बाकडं रिकामं होतं. समोरून कंटेनरांची रांग चाकणकडे सरकत होती. तिने पिशवीतून कागद काढले आणि त्याच्यापुढे ठेवले. दोन नोंदी, तिचा मेल, आलेलं उत्तर. मग एका दमात सगळं सांगितलं. फिल्टर काढला नव्हता. जुनी नोंद होती. चौदाशे अठ्ठ्याण्णव दिवस होते. ‘यावर माझी सही आहे,’ ती म्हणाली. ‘चूक माझी म्हणून स्पष्ट लिहिलंय. युनियनवाल्यांना दाखव, लेबर ऑफिसला जा. मी येईन बरोबर, जिथे सांगायचंय तिथे सांगेन. नोकरी गेली तरी चालेल.’

बुद्धरत्न कागद वाचत होता. चहा निवत होता. त्याने पहिली नोंद दोनदा वाचली, भुद्रतनवर बोट ठेवलं, पण हसला नाही. तिला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

‘ताई,’ तो म्हणाला. कंपनीच्या एवढ्या जवळ त्याने तिला पहिल्यांदाच ताई म्हटलं. ‘एक विचारू? खरं सांग.’

‘विचार.’

‘माझ्या जागी दुसरा कुणी असता, तर शोधलं असतंस?’

खोटं बोलायला एक क्षण पुरेसा होता, आणि तो तिला मिळाला होता. नजर चुकली, विसरले, कामाचा रेटा होता, असं काहीही चाललं असतं. त्याने ते मानलंही असतं.

‘हो,’ ती म्हणाली. ‘शोधलं असतं.’

‘मग माझं का नाही?’

‘तू आपला होतास म्हणून. लोक काय म्हणतील म्हणून.’ तिने कप बाकड्यावर ठेवला. ‘भ्याले रे मी.’

त्याने मान हलवली, जशी मशीनचा बिघाड कुठे आहे ते कळल्यावर माणूस हलवतो तशी. कागदांची घडी घातली, डब्याच्या पिशवीत ठेवली. चहावाल्याला दोन्ही चहांचे पैसे त्यानेच दिले. ती पर्स उघडत होती, तर हाताने थांबवलं. मग उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत राग होता, चांगला लखलखीत राग, पण आवाज खालीच होता.

‘युनियनकडे जातो उद्या. काय होईल ते होईल. तू फक्त एक कर.’

‘काय?’

‘आईला यातलं काही सांगू नकोस. तिला वाटतं, तू शोधलंस.’